डिमो स्वतःहून येते

याकबरोबर काम करायला निघाले तेव्हा याकविषयी मला जे ठाऊक होतं ते सगळं चित्रांमधलं होतं. जमिनीला टेकणारे केस, मागे वळलेली शिंगं, पाठीवर रंगीत झूल, मागे बर्फाचा डोंगर. लेहमधल्या एका लहानशा संस्थेला उन्हाळ्यापुरती मदतनीस हवी होती. चांगथांगच्या पठारावर चांगपा पशुपालक कुटुंबात राहायचं, याकच्या अंगावरची मऊ लोकर गोळा करायची, भरड केसांतून वेगळी काढायची आणि वजन करून पोत्यांत भरायची, असं काम. माण तालुक्यातल्या आमच्या घरी म्हशी आहेत, धारा मी लहानपणापासून काढते, हे सांगितलं आणि मला घेतलं. कोर्झोकला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की याक म्हणजे फक्त नर. मादी ती डिमो. गाईशी संकर झाला की नराला झो म्हणतात आणि मादीला झोमो. झोची पैदास पुढे चालत नाही, झोमोची चालते, आणि ती डिमोपेक्षा दूधही जास्त देते. यापुढे दूध म्हणेन ते डिमोचं, एवढं लक्षात असू द्या. मलाही ते जिभेवर बसायला बरेच दिवस लागले.

लेहहून रस्ता सिंधूच्या काठाने वर जातो. उपशी, चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे, मग माहेचा पूल. तिथे सिंधू सोडायची, सुमदोवरून चढायचं, कियागर त्सो हे छोटं तळं ओलांडायचं आणि मग एकदम समोर त्सो मोरीरी. तळं ४,५०० मीटरच्या वर आहे आणि काठावरचं कोर्झोक त्याहून थोडं उंच. गाडीतून उतरून मी माझी पिशवी उचलली, ती आमा-लेंनी हातातून काढून घेतली आणि मला भिंतीशी बसवलं. नावापुढचं ‘ले’ हे आपल्या ‘अहो’सारखं, आदराचं. आमा-ले म्हणजे घरातली आई, आबा-ले वडील, आणि आबा-लेंच्या आई त्या आबी-ले. मला त्या सगळ्यांनी नोमो, म्हणजे धाकटी बहीण, करून टाकलं. डोकं ठणकत होतं, जेवण नको वाटत होतं. आबा-लेंना हिंदी चांगली येत होती. तरुणपणी त्यांनी रस्त्याच्या कामावर मजुरी केली होती. ते म्हणाले, दोन दिवस पाणी पी आणि बस, झोपू नकोस, धावू नकोस. डाळ लावायला मी उठले तर तेही आमा-लेंनीच केलं. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. समोरच्या उतारावर डिमो धापा न टाकता चढत होत्या. याकचं हृदय आणि फुप्फुसं गाईच्या मानाने मोठी असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि संख्येने जास्त असतात, हे मी येण्याआधी वाचलं होतं. पाण्याची अर्धी बादली उचलून उभी राहिले आणि दम लागून पुन्हा खाली बसले, तेव्हा ते वाचलेलं समजलं.

उन्हाळ्यात कुटुंबं गावात नसतात. कोर्झोकच्या वर एक दरी आहे, कोर्झोक फू. तिथे हिरवळीच्या कडेने तंबू पडतात. कुणी कुठे, कधी जायचं हे गोबा, म्हणजे गावाचा प्रमुख, आणि जाणती माणसं मिळून ठरवतात. ठरलेल्या दिवसाआधी कुणाचंही जनावर पुढच्या कुरणात घुसत नाही. आता बरेच तंबू पांढऱ्या कापडाचे आहेत, पण आबी-लेंचा जुना रेबो अजून उभा होता. रेबो म्हणजे याकच्या भरड केसांचा काळा तंबू. सूत कातून त्याच्या अरुंद लांब पट्ट्या विणतात आणि त्या एकमेकींना शिवत जातात. मेंढीच्या लोकरीचं विणकाम बायकांच्या कमरेला बांधलेल्या मागावर चालतं, याकच्या केसांचं मात्र पुरुष जमिनीवर ठोकलेल्या मागावर करतात. वर मधोमध धूर जायला लांब फट ठेवलेली. आत बसल्यावर कापडातून उन्हाचे बारीक ठिपके दिसायचे, आणि पाऊस आला तर हे सगळं गळणार याची मला खात्री वाटत होती. पाऊस आला. केस ओले होऊन फुगले, भोकं बुजली, आतल्या सातूच्या पिठाच्या थैल्यांवर थेंब पडला नाही. तंबू किती वर्षांचा, असं विचारलं तर आबा-लेंना उत्तर देता येईना. झिजलेल्या पट्ट्या कडेने काढायच्या, नव्या मधोमध घालायच्या, त्यामुळे प्रत्येक पट्टी वर्षागणिक मधून कडेकडे सरकत जाते. एका कडेला हात लावून ते म्हणाले, ही माझ्या वडिलांनी विणलेली आहे, पुढच्या वर्षी निघेल.

गोवऱ्या थापायला मला येतात, म्हणून शेण गोळा करायचं काम मीच मागून घेतलं. इथे थापायचं काही नव्हतं. हवा इतकी कोरडी की शेण पडल्या जागी वाळतं. पाठीवर त्सेपो ही टोपली बांधून उतारावर फिरायचं आणि वाळलेलं तेवढं उचलायचं. वरून कोरडं दिसणारं उलटून बघावं लागतं, खाली ओल असेल तर तसंच ठेवून पुढे जायचं. पेटवणीला बुर्त्से लागतं. हे वीतभर उंचीचं करड्या रंगाचं झुडूप, त्याची लाकडासारखी मुळी चांगली जळते. शेणाची आच मात्र भात्यावर जगते. शेळीच्या अख्ख्या कातड्याची पिशवी, तिच्या एका तोंडाला लोखंडी नळी आणि दुसऱ्या तोंडाला दोन पट्ट्या. हाताने पट्ट्या उघडत पिशवी वर उचलायची, मिटून खाली दाबायची. उघडण्या-मिटण्याची वेळ जमली नाही तर नळीतून वारा येतच नाही. आबी-ले एका हाताने भाता चालवत, दुसऱ्या हाताने जपमाळ ओढत माझ्याकडे बघत असायच्या. माझ्या हातात भाता आला की धूर व्हायचा आणि तंबूतली माणसं एकेक करून बाहेर जायची.

धारेची वेळ सकाळची. जमिनीवर दोन खुंट्यांमध्ये एक लांब दोर ताणलेला असतो आणि त्याला ठरावीक अंतरावर फास असतात. संध्याकाळी वासरं त्या फासांत ओळीने अडकवतात. आया रात्रभर आजूबाजूला बसून रवंथ करतात. उजाडताना हवा अशी असते की बादलीचं कडं हाताला चिकटतं. मी बाह्या सरसावून एका डिमोजवळ गेले. आमच्या म्हशीपुढे पेंड ठेवली, कासेला कोमट पाण्याचा हात फिरवला की ती पान्हवते. मी तसाच हात फिरवला. डिमो दोन पावलं पुढे गेली. मी दोन पावलं पुढे गेले. असं करत आम्ही दोघी तंबूंच्या ओळीबाहेर पोचलो. तिने मला लाथ मारली नाही, शिंग उगारलं नाही. ती फक्त जात राहिली, आणि माझ्या बादलीत एक थेंब आला नाही.

आमा-लेंनी मला बोलावून शेजारी बसवलं आणि आधी नुसतं बघ म्हणाल्या. वासराच्या गळ्यातला फास काढला की ते सरळ आईच्या कासेला जातं. ढुशा देतं, चारी आचळं तोंडात धरून बघतं. आईचा श्वास बदलतो, ती मान खाली करून वासराचं शेपूट हुंगू लागते. तेव्हा पान्हा उतरलेला असतो. मग वासराला बाजूला ओढायचं, पण लांब न्यायचं नाही. आईला चाटता येईल इतक्या जवळ पुढे बांधायचं. मग गुडघ्यांत बादली धरून उकिडवं बसायचं आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवायचं. धार संपवताना आचळांत थोडं दूध ठेवायचं आणि वासराला पुन्हा सोडायचं. वासराला बाजूला कधी ओढायचं, ते मला कितीतरी दिवस ओळखता आलं नाही. लवकर ओढलं तर पान्हा नाही, उशीर झाला तर दूध वासराच्या पोटात. आमा-ले वासराकडे बघतच नसत. त्या डिमोच्या कानांकडे बघत. कान सैल झाले की झालं.

कान कळू लागले तरी दूध येईना. डिमोची आचळं आखूड असतात, कास केसांत लपलेली असते. म्हशीला मी पूर्ण मूठ वापरते, इथे अंगठा आणि दोन बोटांपलीकडे जागाच नाही. शिवाय माझ्याजवळ ती उभीच राहत नव्हती. एका सकाळी आमा-लेंनी स्वतःचा गोन्चा, लोकरीचा लांब झगा, काढून माझ्या अंगावर घातला. त्याला धुराचा, लोण्याचा आणि जनावरांचा वास होता. आबी-लेंनी घशातल्या घशात एक सूर धरला. तो गाणं म्हणण्याइतका लांब नव्हता, दोन स्वरांवर वरखाली होणारा हुंकार होता. मीही तो धरला. ज्या म्हाताऱ्या पांढऱ्या कपाळाच्या डिमोपाशी मला बसवलं होतं, तिने मान वळवून बघितलं आणि पुन्हा वासराला चाटू लागली. बादलीच्या तळावर पहिली धार वाजली तेव्हा माझे डोळे भरून आले. आमा-लेंना ते दिसलं असावं, पण त्यांनी पुढच्या डिमोचं वासरू सोडलं होतं आणि त्यांना तिच्या कानांकडे बघायचं होतं.

सगळं धरून एका डिमोचं दिवसाला लिटर-दीड लिटर दूध. आमची म्हैस एका वेळेला चार लिटर देते. पण हे दूध दाट, त्यात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, आणि रंग जरा पिवळसर. त्याचं दही लावतात आणि ते शेळीच्या कातड्याच्या पिशवीत भरून घुसळतात. मी रवी शोधत होते. रवी नाहीच. पिशवीत हवा भरायची, तोंड बांधायचं, मांडीसमोर ठेवून पुढेमागे लोटत राहायचं. आबी-ले आणि मी समोरासमोर बसून लोटत असू. हात भरून यायचे. त्या थांबायच्या, कान पिशवीला लावायच्या आणि पुन्हा लोटायच्या. थंडी फार असेल तर लोणी जमत नाही, मग थोडं कोमट पाणी घालतात. आतला आवाज पातळ दह्याचा असतो तो मधेच जड होतो, ढप् ढप् असा, म्हणजे लोणी सुटलं. मी कितीदा तरी ‘झालं’ म्हणून पिशवी उघडायला लावली आणि आत दहीच निघालं. आबी-ले प्रत्येक वेळी उघडून दाखवायच्या. नाही म्हणून सांगता आलं असतं, पण त्या दाखवायच्या.

लोणी मेंढीच्या स्वच्छ केलेल्या पोटाच्या पिशवीत दाबून शिवून ठेवतात, ते हिवाळ्यापर्यंत टिकतं. उरलेल्या ताकाला ‘तारा’ म्हणतात. ते तापवलं की फाटतं, मग कापडातून गाळून चोथा बोटांनी कुस्करायचा आणि उन्हात पसरायचा. वाळून त्याचे खड्यांसारखे पांढरे तुकडे होतात, ते छुरपे. थुक्पा नावाच्या सुपात घालतात, किंवा दिवसभर गालात ठेवतात. मी पहिला तुकडा चावायला गेले आणि आबा-लेंनी घाईने माझा हात धरला. ते चावायचं नसतं. सकाळी तोंडात ठेवलेला तुकडा दुपारी गुरांमागे चढताना कडेकडेने विरघळू लागतो, आंबट-खारट रस सुटतो, आणि भूक त्याच्या आसऱ्याने संध्याकाळपर्यंत थांबते.

मी ज्या कामासाठी आले होते ते लोकरीचं काम जूनच्या शेवटी सुरू झालं. याकच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब भरड केस पाणी आणि वारा अडवतात, आणि त्यांच्या बुडाशी मऊ दाट लव असते, तिला खुलू म्हणतात. हिवाळा संपला की ही लव आपोआप सुटू लागते. पश्मिना शेळीचा तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो, खुलूचा १५ ते २० च्या आसपास. म्हणजे फार मागे नाही. पण पश्मिन्याला गिऱ्हाईक आहे, खुलूला आत्ता कुठे मिळू लागलं आहे. जनावराला दोराने बांधून खांदा, मान आणि पोट यांवरून बोटांनी किंवा फणीने लव ओढून घ्यायची. लवकर ओढली तर निघत नाही आणि जनावराला दुखतं, उशीर केला तर ती बुर्त्सेच्या झुडपांना लागलेली दिसते. भरड केस कापायचे ते तंबू, दोर आणि पोत्यांसाठी. थकलेल्या जनावराचे केस आमच्या घरात त्या वर्षी कापले नाहीत. आबा-ले म्हणाले, बर्फावर बसताना तेच त्याचं अंथरूण. माझ्या वहीत प्रत्येक जनावरापुढे वजनाचा रकाना होता. किलोभर खुलू व्हायला किती जनावरांवर हात फिरवावा लागतो ते त्या रकान्यात दिसलं, आणि संस्थेने ठरवलेला भाव मला पहिल्यांदाच कमी वाटला. परत गेल्यावर मी तसं सांगितलं. पुढच्या हंगामात तो थोडा वाढला.

दुपारी आबा-लेंबरोबर वर जाणं हा माझा सर्वांत आवडता भाग होता. मेंढ्या-शेळ्यांमागे दिवसभर माणूस असतो. डिमो आणि याक आपले आपण चरतात. उन्हाळ्यात त्यांना उष्मा सोसत नाही, त्यामुळे ते जितकं वर जाता येईल तितकं जातात, बर्फाच्या कडेला. संध्याकाळी त्यांना हाकून आणायचं असेल अशी माझी समजूत. गोफण माझ्या ओळखीची होती, आमच्याकडे ज्वारीवरची पाखरं हाकायला असते. इथली याकच्या केसांची, काळ्या-पांढऱ्या नक्षीची. आबा-लेंनी माझ्या हातात दिली आणि एक भटकलेला याक दाखवला. मी त्याच्याकडे नेम धरला तसा त्यांनी माझा हात खाली केला. दगड याकवर मारायचा नसतो. तो ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, त्याच्यापुढे पडला पाहिजे. आवाजाने तो वळतो. वळला की गोफण खिशात. दुसरा दगड लागायला नको.

पण खरं तर गोफणीचीही गरज क्वचितच पडायची. वासरं खाली असत, त्यामुळे सावली उतरू लागली की वरच्या उतारावरून काळे ठिपके आपोआप खाली सरकू लागत. याक हंबरत नाही, डुकरासारखा खोल घुरघुरतो. त्याचं शास्त्रीय नाव बॉस ग्रनिएन्स हे त्या घुरघुरीवरूनच पडलेलं आहे. ती घुरघुर दरीभर भरायची. ज्यांना वासरं नव्हती त्यांच्यासाठी आबा-लेंच्या खिशात मीठ असे. तळहातावर मीठ ठेवून ते उभे राहत, बोलवत नसत. एकेक याक येऊन हात चाटून जाई. मी हात पुढे केला तेव्हा कानशीसारख्या खरखरीत जिभेने हात लाल झाला. पूर्वी मीठ त्सो कार तळ्याच्या काठावरून आणत, मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या छोट्या दुहेरी थैल्या लादून ते झान्स्करपर्यंत नेत आणि बदल्यात धान्य आणत. आता ते लेहच्या दुकानातून येतं. मी विचारलं, एखादा याक आलाच नाही तर? तर उद्या येईल, आबा-ले म्हणाले. आणि उद्याही नाही आला तर मी जाऊन बघेन, तिथे गवत चांगलं असेल.

हे ऐकून माझ्या मनातलं काहीतरी बदललं. आमच्या गोठ्यात प्रत्येक जनावर दाव्याला आहे. इथे दावं फक्त वासराला, तेही रात्रीपुरतं. बाकी सगळा कळप मीठ, वासरू आणि ओळखीचा वास यांवर उभा. एवढ्या उघड्या पठारावर जनावराला धरून ठेवता येत नाही. ते जिथे यावं असं वाटतं, तिथे त्याच्या येण्यासारखं काही ठेवावं लागतं. आमा-लेंचा गोन्चा, आबी-लेंचा हुंकार, आचळांत वासरासाठी राखलेलं दूध, या सगळ्यांकडे मी त्या दिवसानंतर वेगळ्या नजरेने बघू लागले.

नेहमी सगळी परत येतात असंही नाही. उतारावर एके ठिकाणी दगडी भिंतींचा एक गोल खड्डा होता, वर निमुळता आणि आत रुंद होत गेलेला. मला ते जुनं धान्याचं पेव वाटलं. तो लांडग्याचा सापळा होता. आत जिवंत शेळी ठेवायची, लांडगा आत उडी मारतो आणि त्याला वर येता येत नाही. मग लोक जमून त्याला दगडांनी मारत. हल्ली तसं करत नाहीत. पठारावर काही जागी तर लोकांनीच भिंतीचे दगड काढून लांडग्याला बाहेर पडायला वाट केली आणि शेजारी स्तूप बांधला आहे. आबी-लेंच्या कळपातली दोन वासरं त्या वसंतात लांडग्यांनी नेली होती. त्या हे सांगताना रागावल्या नाहीत, पण वासरांची नावं सांगितली.

हिवाळ्याची गोष्ट आबा-ले थोड्यात सांगत. २०१३ च्या सुरुवातीला बर्फ इतका पडला की गवत दबलं. याक खुरांनी आणि तोंडाने बर्फ उकरून खातो, पण वरचा थर गोठून दगड झाला की तोही थांबतो. त्या वर्षी पठारावर फार जनावरं गेली. त्याआधीची, त्यांच्या वडिलांच्या तोंडची गोष्ट १९६२ ची. युद्धानंतर सीमा बंद झाली आणि पलीकडची हिवाळी कुरणं गेली. त्यात तिबेटमधून आपली जनावरं घेऊन आलेली कुटुंबंही इथेच राहिली. गवत तेवढंच, तोंडं जास्त. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७७,००० याक होते, २०१९ च्या गणनेत सुमारे ५८,००० उरले. हे आकडे मी येण्याआधी वाचले होते. कोर्झोक फूमध्ये या घटीचं कारण एकेका तंबूत ऐकायला मिळालं: मुलगा लेहला शाळेत, मुलगी नोकरीला, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, सामान ट्रकने जातं मग ओझ्याचा याक कशाला, आणि पश्मिन्याला पैसे मिळतात मग शेळ्याच वाढवू. शेजारच्या खारनाकची बहुतेक कुटुंबं तर लेहजवळ येऊन राहिली आहेत. मला यात कुणाला दोष देता येईना. शाळा आणि दवाखाना कुणाला नको असतो? मला एवढंच वाटत होतं की शाळा तंबूंच्या मागे मागे चालत आली, जनावरांचा डॉक्टर फोन केल्यावर पोचला, वासरांसाठी हिवाळ्याचा चारा वेळेत साठवला गेला, आणि खुलूला व छुरप्याला नीट भाव मिळाला, तर वर राहणं ही शिक्षा ठरणार नाही. पुगाला भटक्या कुटुंबांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे, तिथे ही मुलं निदान घरापासून काही तासांवर असतात. तसं आणखी व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी जिथे जाते तिथे बोलते.

आबी-लेंचा नातू लेहला दहावीत होता. सुट्टीत आला तेव्हा मला वाटलं, आता हा सगळं करेल, मी बाजूला होईन. पण लहानपणीच तो शाळेसाठी खाली गेला होता. डिमो त्याच्यापुढूनही दोन पावलं सरकली. तो ओशाळून माझ्याकडे बघू लागला. मी माझ्या अंगावरचा गोन्चा काढला आणि त्याला दिला.

तो आला त्याच आठवड्यात मुक्काम हलवायचा दिवस ठरला. पुढच्या कुरणाला रस्ता नव्हता, म्हणून सामान याकवरच जाणार होतं. त्यासाठी शिकवलेले याक वेगळे, नाकात वेसण असलेले. पाठीवर आधी जाड लोकरीची घडी, वर लाकडी खोगीर, मग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पोती. एका याकवर ६०-७० किलो. वजन काट्यावर नाही, हातांवर करायचं. दोघांनी दोन पोती उचलायची, अदलाबदल करायची, पुन्हा उचलायची. आदल्या मुक्कामाला मी बांधलेलं ओझं पहिल्या ओढ्याशी पोटाखाली गेलं होतं आणि सगळा तांडा माझ्यासाठी थांबला होता. तेव्हापासून आबी-ले रोज संध्याकाळी तंबूत खोगीर पुढ्यात ठेवून माझ्याकडून गाठ घालून घेत. याकच्या केसांचा दोर नवा असताना ताणतो, म्हणून तो एकदा आवळायचा, याकने श्वास सोडेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा आवळायचा, आणि टोक असं दुमडून खोचायचं की एका झटक्यात सुटेल. डोंगरात याक पाय घसरून पडला तर ओझं आधी सुटायला हवं. ही गोष्ट त्यांनी शब्दांत सांगितली नाही. त्यांनी दोराचं टोक ओढलं, सगळं खोगीर खाली पडलं, आणि मग याकच्या पाठीवर हात ठेवला.

त्या सकाळी रेबो उतरवून त्याच्या घड्या दोन याकवर चढल्या. तिसऱ्या याकवर चुलीचं सामान होतं आणि बांधायला मी आणि नातू. त्याच्या आजीकडून शिकलेली गाठ मी त्याला दाखवत होते. त्याने दोर आवळला आणि लगेच दुसरा वेढा घ्यायला निघाला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवून थांबवलं. याकने नाकातून लांब श्वास सोडला, दोर सैल पडला, आणि नातू हसून ‘अच्छा’ म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा आवळलं, टोक दुमडून खोचलं. ओढा आला, त्यापुढची दगडांची चढण आली, ओझं जागचं हललं नाही. खिंडीखाली विसावा घेतला तेव्हा आबी-ले काठी टेकत आल्या, त्या दोराला एक हिसका देऊन बघितला, आणि काही न बोलता पुढच्या याककडे गेल्या.